चार तास टिकणारं चाक

नातीचं एक वागणं आजीच्या डोक्यात गेलं होतं. घरात चाळीस वर्षं विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरणारी बाई जितीजागती बसलेली असताना, ही मुलगी कुठली मोटार टिकेल हे पडद्यावरच्या अनोळखी माणसांना विचारत होती. ती माणसं कोण, कुठली, त्यांच्या बोटांना कधी तांब्याची तार कापली होती का, कशाचा पत्ता नाही. आणि ही त्यांच्यापुढे वही उघडून बसायची, बाईंनी फळ्यावर लिहिलेलं उतरवून घ्यावं तशी.

"त्यांना दिसते तरी का गं तुझी वही?" आजीनं विचारलं.

"आजी, ते वापरून सांगतात. शर्यतीच्या खेळाचं कुठलं चाक किती महिन्यांत बिघडलं, कशानं बिघडलं."

"बिघडलं म्हणून सांगणारे ढीगभर असतात. दुरुस्त करणारा आहे का त्यात एक तरी?"

नात हसली आणि परत वहीत डोकं घातलं. हे हसून सोडून देणंच आजीला झोंबायचं. ही भांडली असती तरी चाललं असतं. भांडताना निदान माणूस समोरच्याला मोजतो.

घर वर होतं आणि खाली कारखाना. कारखाना म्हणजे लांबच लांब एक खोली, दोन टेबलं, तार गुंडाळायचं यंत्र, आणि भिंतीला लागून जळक्या मोटारींची रांग. पंपाच्या, गिरणीच्या, पंख्याच्या. आजी दुसरीपर्यंत शिकलेली. सही करता येई, आकडे वाचता येत, बाकीचं सगळं तिच्या तळव्यांत होतं. नवरा अचानक गेला तेव्हा टेबलावर सात मोटारी अर्ध्या भरलेल्या पडल्या होत्या. तिनं त्या महिन्याभरात पुऱ्या केल्या आणि सातातली एकही परत आली नाही. त्या दिवसापासून तिनं नाकावर माशी बसू दिली नव्हती. मुलगा बोटीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला, त्याचा विषय घरात निघत नसे. सून मात्र राहिली. सुनेनं कॉइल गुंडाळायची आणि सासूनं त्या मोटारीत बसवायच्या, असं दोघींचं वीस वर्षं चाललं होतं. दोघी एकमेकींशी कामापुरत्या बोलत, पण ते कामापुरतं बोलणं दिवसभर चाले.

या कारखान्याची एक रीत होती. भरलेली मोटार तासभर चालवायची, मग आजीनं तिच्या अंगावर तळवा ठेवायचा आणि सावकाश वीस मोजायचे. वीसपर्यंत हात टिकला तर मोटार पास. त्यापुढे कुठलं यंत्र काही सांगो, आजी ऐकून घेत नसे.

आणखी एक रीत होती, तिला कुणी रीत म्हणत नसे. मोटारीच्या तारांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी एक कळ बसवलेली असते, तिला थर्मल म्हणतात. मोटार फार तापली की ती उघडते, आणि मोटार जळायच्या आत थांबते. गिरणीवाले बोंबलत यायचे की ऐन गर्दीत मोटार बंद पडते. आजी थर्मल कापायची आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडून द्यायची. "डायरेक्ट करून दिली आहे," ती म्हणायची, "आता थांबायची नाही." बहुतेक थांबत नसत. जी जळे ती पुन्हा भरायला इथंच येई, आणि गिरणीवाला दोष पिठाला देई.

"आपल्या हातून मेलेलं परत आपल्याच दारात येतं," सून एकदा म्हणाली होती.

"मग आनंद मान की," आजी म्हणाली होती.

नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी उभी राहिली की आजारी आहे असं समजायचे. आता वीस संपत आलेली ही भिंगरी दिवसातून पाच-सहा तास वरच्या खोलीत एका खुर्चीत बसून असायची. समोर पडदा, पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, हातात टेबलाला आवळलेलं गाडीचं चाक. सिम रेसिंग म्हणायचे त्याला. आजी त्याला सुरुवातीला खेळ म्हणाली, मग रिकामपणा म्हणाली, आणि जेव्हा नातीच्या नावानं एका शर्यतीच्या पथकाचं पत्र आलं तेव्हा काहीच म्हणाली नाही.

पथकानं बाराजणांना निवडलं होतं. सगळ्यांनी आपापल्या घरून एकाच दिवशी चार तासांची शर्यत चालवायची. पहिल्या चौघांना खऱ्या गाडीत बसवणार, शिकवणार, पथकात घेणार. अट एकच, वय एकवीसच्या आत. भिंगरी दोन महिन्यांनी एकवीसची होणार होती. म्हणजे हीच एक संधी, दुसरी नाही.

आणि तिचं जुनं चाक चाळीस मिनिटांत ढिलं पडायचं.

"हे बघ आजी, या चाकाच्या मागे मोटार असते," तिनं एकदा समजावलं होतं. "रस्ता जसा खऱ्या गाडीत चाकाला ढकलतो तशी ही मोटार माझ्या हाताला ढकलते. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. टायर सुटायला लागला की आधी हाताला कळतं, डोळ्यांना नंतर. चाक मऊ पडलं की मी आंधळीच."

"म्हणजे मोटार कमजोर आहे."

"मोटार कमजोर आहे, आणि आतले गिअर डब्यात खिळे घातल्यासारखे वाजतात."

"आण खाली. भरून देते."

"आजी, नको गं."

ते 'नको गं' आजीनं पुढे बरेच दिवस तोंडात घोळवलं.

नवं चाक घ्यायला तिघी मिळून गेल्या. दुकान बस थांब्यामागच्या गल्लीत होतं, चपलांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांमध्ये दाबलेलं. दुकानदार पन्नाशीचा, लंगडत चालणारा, चष्मा गळ्यातल्या दोरीला अडकवलेला. त्यानं एका बाकावर तीन चाकं आवळून ठेवली होती, ग्राहकांनी हात लावून बघावं म्हणून.

पहिलं पट्ट्यावर चालणारं. भिंगरीनं ते दहा मिनिटं चालवलं आणि म्हणाली, "गुळगुळीत आहे, पण सगळं उशिरा सांगतं."

दुसरं सगळ्यात दांडगं, चाक थेट मोटारीच्या दांड्यावर बसवलेलं. आजीनं त्याच्या मागच्या पेटीवर हात ठेवला आणि तिचा चेहरा उजळला. "ही मोटार. अंगानं भरलेली आहे. हे घे."

"आजी, हे पंधराच्या जोराचं आहे. एवढा जोर मला लागतच नाही. चार तास याच्याशी कुस्ती खेळले तर शेवटच्या तासात हात उरणार नाहीत."

"तुझी आई दिवसभर तार ओढते. तिचे हात कुठे गेले?"

"माझे मध्ये घेऊ नका," सून म्हणाली.

तिसरंही थेट मोटारीचंच, पण आठचं. जोर दुसऱ्याच्या निम्म्याला जरा वर. त्यावर भिंगरी पाऊण तास बसली. दुकानदार चहा पिऊन आला तरी ती बसलेलीच. मग तिनं वही काढली आणि आपली कारणं सांगितली. हे चाक चार वर्षं बाजारात आहे आणि तक्रारी थोड्या आहेत. सुटे भाग मिळतात. चाक काढून बसवायची कडी हलत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ते तापलं की एकदम बंद पडत नाही, जोर अर्ध्यावर आणतं. "मी साठ टक्क्यांवर चालवणार म्हणजे ते तापणारच नाही. आणि तापलंच तर हाताला आधी कळेल, मी जोर कमी करेन, काम चालू राहील."

"बरोबर निवडलंत ताई," दुकानदार म्हणाला. "इतका विचार करून कुणी घेत नाही. लोक सगळ्यात मोठा आकडा विचारतात आणि उचलून नेतात." त्यानं बंद खोका पुढे केला. "फक्त एक सांगतो, मागचं सील तोडू नका. उघडलं की वॉरंटी गेली, मग कंपनी ओळख दाखवत नाही."

घरी येताना आजी एवढंच म्हणाली, "दमणारी मोटार घेतलीस."

"दमत नाही आजी, स्वतःला सांभाळते."

"आमच्याकडे त्याला दमणं म्हणतात."

चाक आलं तो पूर्ण आठवडा वरच्या खोलीतून त्याचा बारीक घुमणारा आवाज येत राहिला. एका दुपारी सून गंमत म्हणून बसली. भिंगरीनं मुद्दाम जोर शंभरावर नेला, आईची फजिती बघायला. सून दोन वळणांत भिंतीवर आदळली, शिव्या घातल्या, पुन्हा बसली. दोघी इतक्या हसत होत्या की आजी जिना चढून वर आली. तेवढ्यात चाकाचा जोर गेला. सुनेच्या हातात ते अचानक पाण्यात हात फिरवावा तसं फिरायला लागलं.

"बघा," सून म्हणाली, "मी दमवलं त्याला."

"शंभरावर होतं म्हणून," भिंगरी म्हणाली. "शर्यतीत असं होणार नाही."

आजीनं यातलं 'जोर गेला' तेवढं ऐकलं. ती जिना उतरून खाली आली आणि टेबलापाशी बसून राहिली. तिच्या घरातली मोटार, बाराजणांच्या पुढे, अर्ध्या वाटेत मान टाकणार. लोक म्हणतील, मोटारी भरणाऱ्या घरातली ना ही?

शर्यतीच्या चार दिवस आधी सून आणि नात एक मोठी मोटार पोचवायला टेम्पोबरोबर गेल्या. दुपारची वेळ, कारखान्यात शुकशुकाट. आजी वर गेली, चाक टेबलावरून सोडवलं, कुशीत घेऊन खाली आली. सील तिनं पातळ पात्यानं अलगद उचललं, पुन्हा चिकटवता येईल असं. चार स्क्रू काढले. आत मोटार बघून तिचं मन निवलं. काम स्वच्छ होतं, तारा सरळ होत्या. परक्याचं चांगलं काम ती लगेच ओळखत असे आणि कधीही बोलून दाखवत नसे. थर्मल, म्हणजे तापल्यावर इथं जोर कमी करायला लावणारी तीच कळ, सापडायला तिला मिनिटही लागलं नाही. तिनं ते कापलं, दोन्ही टोकं पिळली, डाख दिला, वर नळी चढवली आणि दोऱ्यानं बांधून टाकलं, तिच्या पद्धतीची गाठ मारून. मग हात शिवशिवले म्हणून सगळ्या तारांवर वॉर्निशचा एक जाड हात दिला. गिरणीच्या मोटारीला देतात तसा. तारांमधून जी थोडी हवा खेळत होती ती त्यानं बुजली. पण आजीच्या लेखी वॉर्निश म्हणजे पांघरूण, आणि पांघरूण कधी कुणाला बाधतं का?

दोघी परत आल्या तेव्हा चाक आपल्या जागी होतं. वॉर्निशचा वास येत होता, पण त्या घरात तो कधी येत नसे?

संध्याकाळी भिंगरी धावत खाली आली. "आजी, शंभरावर ठेवून दीड तास चालवलं! तसूभर मऊ पडलं नाही. नवीन होतं म्हणून तेव्हा पडलं असेल, आता मुरलंय. म्हटलं होतं ना मी, निवड चांगली आहे?"

आजीनं ओठ आवळून धरले. ती मनात म्हणाली, जिंक एकदा, मग सांगते कुणाची निवड. पथकाचे लोक घरी येतील, फोटो काढतील, तेव्हा सगळ्यांच्या देखत सांगते. तिनं ते वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

आणि साठवर चालवायचं चाक भिंगरीनं नव्वदवर ठेवलं. तिचा हिशेब सरळ होता. तापलं की ते स्वतः सांगणार. ते सांगत नाही, म्हणजे तापत नाही.

शर्यत रविवारी सकाळी दहाला सुरू झाली. खोली लहान, खिडकी बंद, कारण बाहेरचा आवाज पथकाला ऐकू जाता कामा नये. आजी मागे स्टुलावर बसली, सून दारात उभी. पडद्यावर बारा गाड्या निघाल्या. पहिल्या तासात भिंगरी सातवी होती. दुसऱ्यात पाचवी. तिच्या मानेवरून घाम वाहत होता आणि ती एक शब्द बोलत नव्हती, फक्त हात बोलत होते. आजीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हात नीट पाहिले. मोटार भरताना तिचे स्वतःचे हात जसे चालत तसेच ते चालत होते, घाई नाही, उगाच एक हालचाल नाही.

तिसरा तास संपता संपता भिंगरी तिसरी आली. सुनेनं तोंडावर हात दाबला.

त्याच वेळी आजीला वास आला.

डाखाचा नाही, ओल्या वॉर्निशचाही नाही. वॉर्निश आतून शिजायला लागलं की येतो तो गोडसर, घशात बसणारा वास. चाळीस वर्षांत या वासावर तिनं किती मोटारी चालू टेबलावरून झटकन तोडल्या असतील. शेजारच्या खोलीत असली तरी ती ओरडायची, "बंद कर!" आणि सून न विचारता बटण पाडायची. सुनेचं नाक तिच्याइतकं तयार नव्हतं. भिंगरीच्या कानांवर हेडफोन होते आणि तिचा जीव पुढच्या वळणावर होता. वास आला तो फक्त आजीला.

ती स्टुलावरून अर्धी उठली. बंद कर म्हणायचं, तर का म्हणून विचारतील. जोर कमी कर म्हणायचं, तरी विचारतील. आणि तिसरी होती पोरगी, तिसरी. तासभरच राहिला होता. तिच्या हातच्या गाठीनं आजवर कधी दगा दिला नव्हता. अजून तासभर तग धर, ती मोटारीला मनात म्हणाली, आणि पुन्हा स्टुलावर बसली.

वीस मिनिटं ती बसून राहिली. वास दाट होत गेला.

मग एका लांब वळणात चाक हिसका देऊन, पूर्ण ताकदीनिशी, डावीकडे फिरलं. भिंगरीचा उजवा अंगठा चाकाच्या आऱ्यात होता. काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. पडद्यावर गाडी भिंतीला घासत गेली आणि थांबली. मागच्या पेटीतून धुराची बारीक रेघ निघाली. हेडफोनमधून कुणीतरी काहीतरी विचारत होतं, आणि भिंगरी डाव्या हातानं ते मेलेलं चाक सरळ करायचा प्रयत्न करत होती.

अंगठ्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, सहा आठवडे सांगितले, आणि जाता जाता म्हणाले की अंगठा पूर्वीसारखा पुरता मिटेल असं वाटत नाही. पथकाकडून एका बाईचा फोन आला. फार गोड बोलली. तुम्ही छान चालवत होतात, म्हणाली. चौघं निवडले गेले होते.

चाक दुकानदारामार्फत कंपनीकडे पाठवलं. कंपनीनं कळवलं की सील आधी उघडलेलं आहे आणि आत फेरफार केलेला आहे, त्यामुळे जबाबदारी आमची नाही.

"मी तर उघडलं नाही," भिंगरी म्हणाली. "म्हणजे दुकानदारानं उघडलेलं चाक नवं म्हणून माझ्या गळ्यात मारलं."

आजी तारांवर चढवायच्या नळीचे तुकडे कापत होती. कात्री थांबली नाही.

भिंगरीनं डाव्या हाताच्या एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, त्या पडद्यावरच्या माणसांना सगळं लिहिलं. दुकान, गल्ली, लंगडणारा माणूस. दोनशे-तीनशे लोकांनी ते पुढे पाठवलं. आठवड्याभरात दुकानापुढे कुणी थांबेनासं झालं. काचेवर कुणीतरी रंगानं 'चोर' लिहून ठेवलं. हे सुनेनं बघून येऊन सांगितलं, आणि सांगताना तिलाही बरं वाटलेलं दिसत नव्हतं.

भिंगरी वरच्या खोलीत जाईनाशी झाली. दिवसभर खाली बसायची, डाव्या हातानं वॉशर निवडायची, मोठे एका डब्यात, छोटे दुसऱ्या. एकदा मान वर न करता म्हणाली, "तूच बरोबर होतीस आजी. दांडगं घ्यायला हवं होतं. मला वाटायचं, मला कळतं."

त्या वेळी आजीनं बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "जेवून घे."

असा महिना गेला. आजीचं जेवण कमी झालं, जीभ मात्र तशीच राहिली. गिरणीवाल्याला तिनं एवढ्या तेवढ्यावरून फाडून खाल्लं. एकदा थर्मल कापायची वेळ आली तेव्हा तिनं कात्री खाली ठेवली आणि मोटार तशीच परत दिली. गिरणीवाला थक्क झाला. सुनेनं ते पाहिलं.

मग एका सकाळी दुकानदार आला. पायरी चढायला त्याला वेळ लागला. काखेत चाक होतं, कंपनीकडून परत आलेलं. त्यानं ते टेबलावर ठेवलं, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मागची पेटी काढली. आतून काळं झालेलं होतं.

"ताई," तो भिंगरीला म्हणाला, "मी भांडायला आलो नाही. दुकान तसंही पुढच्या आठवड्यात बंद करतोय. फक्त तुम्ही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खोका मी तुमच्यासमोर दिला, बंद होता. हा आतला जोड बघा. मला साधा डाखसुद्धा देता येत नाही हो. मी विकणारा माणूस."

"तुम्ही नाही तर तुमच्या आधी कुणीतरी," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज चढला. "काका, माझं सगळं गेलं. तुम्ही दुकानाचं सांगताय. मी सांगू का माझं काय गेलं?"

"माहीत आहे, ताई."

"नाही माहीत. खोटं बोलू नका."

सून जवळ आली, कपाळावर हाताचा आडोसा धरून पेटीवर वाकली. नळी करपली होती, पण दोरा जळून काळा होऊनही जागेवर होता. तीन वेढे, मग खालून घेतलेला एक, मग दोन उलट. वीस वर्षं रोज बघितलेली गाठ. सून तशीच वाकून राहिली, जरा जास्तच वेळ. मग सरळ झाली आणि सासूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर आजीनं तो परतवून लावला असता. सून वाट बघत होती.

"आई, काय गं?" भिंगरीनं विचारलं.

"काही नाही," सून म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं."

दुकानदारानं पेटी परत लावायला घेतली. एक स्क्रू खाली पडला, घरंगळत टेबलाखाली गेला. तो वाकायला लागला, पण पाय वाकेना. भिंगरी तोंड फिरवून उभी होती.

आजी उठली. कुणाचा हात न घेता उठली.

"राहू द्या तो स्क्रू," ती दुकानदाराला म्हणाली. "बसा."

मग ती नातीसमोर जाऊन उभी राहिली आणि कारखान्यात ज्या आवाजात ती मोटार पास की नापास सांगायची त्याच आवाजात बोलली.

"इकडे बघ, भिंगरे. माझ्याकडे बघ. चाक चांगलं होतं. तुझी निवड चोख होती, मी निवडायला गेले असते तर मला एवढं जमलं नसतं. या माणसानं खोका बंदच दिला होता. उघडलं मी. तुम्ही दोघी मोटार पोचवायला गेलात त्या दुपारी, तू दारात पाऊल टाकायच्या आत थर्मल कापून मोकळी झाले. आणि जळायचा वास आला, तेव्हा मला ओळखू आला. वीस मिनिटं ओळखू येत होता. बोलले असते तर तुझा हात वाचला असता. नाही बोलले, कारण तू जिंकल्यावर मला चार लोकांत सांगायचं होतं की हे माझं काम. आता ज्यांना तू याचं नाव लिहून पाठवलंस ना, त्यांना आज, आत्ता, माझं नाव लिहून पाठव. रडू नकोस, आधी लिही. आणि आयुष्यभर कुणीही विचारलं, अंगठ्याला काय झालं, तर चाकानं मोडला म्हणायचं नाही. आजीनं मोडला म्हणायचं."